आठ दिवस आधी

ओझरच्या रिटायर फिटरनं पाळलेला टर्की
साफ करून सहा किलो भरला.
शरणपुरात एकाही घरच्या ओव्हनमध्ये मावेना.
शेवटी इनायतभाई म्हणाले,
पावाच्या शेवटच्या लाद्या निघाल्या की आणा,
भट्टी पहाटेपर्यंत तापलेलीच असते.

पक्ष्याचं असं मिटलं. राहिली वाईन.
ती मी ठरवायची, कारण सोळा वर्षं
दिंडोरीच्या वायनरीत, प्रयोगशाळेत आहे मी.
साखर किती, आम्ल किती,
घोट घेतो, थुंकतो, आकडा लिहितो.
घरच्यांना वाटतं, ह्याला चव कळते.

सॅमसनदादा म्हणाला, रेडच आण, भारीतली,
पाहुणे टोरांटोहून येतायत.
भारीतली म्हणजे कॅबर्ने, दीड वर्ष लाकडात,
बाटली अशी जड की रिकामी झाली तरी कळत नाही.
ती मटणापुढे ठीक.
टर्की बिचारा मवाळ, छातीकडे कोरडा,
असल्या वाईनसमोर बसवला
की नव्या जावयासारखा
ताटाकडे बघत राहील.

वहिनीचं तिसरंच:
मी तर आत काळा मसाला भरणारे,
कांदा-खोबरं चांगलं करपेपर्यंत भाजून.
त्याला काय चालतं?

हे कुठल्याच तक्त्यात नाही.
तक्त्यात क्रॅनबेरीचा सॉस आहे.

शनिवारी सुटल्यावर तळघरात उभा राहिलो.
खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून,
लेबल नसलेल्या अकरा बाटल्या.
शिराझ. चार नंबरचा प्लॉट, सात ओळी.

त्या साली सुरगाण्याच्या टोळीत यमीबाई होती.
मी यंत्र घेऊन हिंडायचो,
ती मागून एक मणी तोडायची,
बी दाढेखाली धरायची.
फुटाण्यासारखं वाजलं की म्हणायची, झालं. उतरवा.
मी म्हणालो, साहेब म्हणतात अजून आठ दिवस.
ती म्हणाली, साहेबांना आवाज जात नसंल.
आणि दुसऱ्या दिवशी,
कुणी नीट सांगितलं नाही म्हणून,
की सांगितलेलं तिनं ऐकलं नाही म्हणून,
उन्हं वर यायच्या आत सात ओळी क्रेटमध्ये.

अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
वाईन पातळ निघाली, बाजारात जाणार नाही,
असं रजिस्टरमध्ये आहे.
दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात.

साहेबांना विचारलं, त्या नेऊ का?
त्यांनी मान वर न करता हात हलवला. ने.

नाताळच्या सकाळी चार बाटल्या
मागच्या हौदात सोडल्या तासभर.
डिसेंबरात नाशिकच्या पाण्याला फ्रीज लागत नाही.
टर्कीला भट्टीचा वास होता,
थोडा नानकटाईचाही.

पहिला घोट. डाळिंबाची साल,
मागून मिरी, उशिरा, खाकरत.
मसाल्याशी भांडली नाही,
सरकून त्याच्या शेजारी बसली.
दादा काही बोलला नाही, दुसरी तंगडी घेतली.
मनोरमाआत्या, जिनं प्रभुभोजनाच्या प्याल्याबाहेर
कधी थेंब घेतला नाही,
नुसता ग्लास हुंगून म्हणाली,
हे कुणीतरी घाईनं केलंय.
घाईनं नाही, आत्या. वेळेवर.

टोरांटोचे पाहुणे विचारत होते, नाव काय हिचं?
आठ दिवस आधी, मी म्हणालो.
त्यांना तो ब्रँड वाटला,
बराच वेळ फोनमध्ये शोधत बसले.

यंदा छाटणीला टोळी आली, यमीबाई नव्हती.
गुडघे गेले, सून सांगत होती.
सून मणी तोडत नाही.
माझ्या खांद्यावरून वाकून
यंत्रातला आकडा वाचायला शिकलीय.

सोमवारी रजिस्टर काढलं.
‘पातळ’ खोडलं नाही,
खाडाखोड आमच्याकडे चालत नाही.
समोर रिकाम्या रकान्यात एवढंच लिहिलं:
टर्कीसोबत बरी.
खाली सही. तारीख.